वीतभर फट

“एक फट ठेव गं, इसुलच्या आई. वीतभर पुरे. शेगडी असलेली खोली अशी बुजवून टाकायची नसते.”

छॉरामकरीण हे म्हणाली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मिरचीच्या वाटणाने लाल झालेले होते. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. अंगणात निळ्या ताडपत्रीवर मिठात मुरलेल्या कोबीचा ढीग, त्याभोवती उकिडव्या बसलेल्या बायका, आणि चुलीवर डुकराचं मटण रटरटतंय. युन्हीने तिच्याकडे न बघताच “हो हो, आजी” म्हटलं आणि कोबीचं पुढचं पान उलगडलं.

ऐकण्यासारखी बाई असती तर ऐकलं असतं. पण छॉरामकरीण म्हणजे इशाऱ्यांचं दुकान. लग्न होऊन छॉरामहून या गल्लीत आली त्याला पन्नास वर्षं झाली, नवरा खाणीत दगावला, आणि तेव्हापासून तिने साऱ्या गल्लीच्या जिवाची काळजी आपल्या शिरावर घेतली होती. दार लावून पंखा सुरू ठेवून झोपू नका, माणूस सकाळी उठत नाही. लाल शाईने कुणाचं नाव लिहू नका, तो मरतो. रात्री शीळ घालू नका, साप येतो. लेकीच्या, इसुलच्या डब्यावर युन्हीने लाल पेनाने नाव लिहिलं होतं, तर म्हातारीने तो डबा दगडाने घासून काढला होता. युन्ही कॉलेजात शिकलेली. लोकसमजुती या विषयावर तिने निबंध लिहिला होता, त्याला चांगले गुणही पडले होते. समजुती टिपून घ्यायच्या असतात, पाळायच्या नसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पंख्याने माणूस मरतो म्हणणाऱ्या तोंडातून फटीची गोष्ट आली, ती पंख्याच्याच खणात जाऊन पडली.

अंगणापलीकडे सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये थोरले दीर क्यॉंगहो शिडीवर चढलेले होते.

क्यॉंगहो वर्षातून दोनदा येत आणि दोन्ही वेळा उपकार करून जात. शरदातल्या सणाला येत तेव्हा आईच्या थडग्यावरचं गवत कापताना स्वतःचा फोटो काढवून घेत. किमचीला येत तेव्हा कोबीला हात न लावता गाडीची डिकी डब्यांनी भरून नेत. एरवी सेऊलमधून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत. यंदा मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. बाबांचं गॅरेज उबदार करायचं, आणि तेही जवळजवळ फुकटात. मासळीबाजारातून थर्माकोलच्या रिकाम्या पेट्या आणल्या, ऑफिसच्या पार्सलांचा बबल-रॅप वर्षभर साठवला, कुणाच्या तरी फ्लॅटचं काम चाललं होतं तिथून फोमचे तुकडे उचलले. व्हिडिओ बघून आले होते. व्हिडिओ बघून आलेला माणूस आणि परदेशी जाऊन आलेला माणूस, दोघांनाही गप्प बसवणं कठीण.

“बाबा, नुसते बघत राहा,” शिडीवरून ते म्हणाले. “आता वाऱ्याला आत यायचं तर व्हिसा काढावा लागेल.”

“मासळीचा वास येतोय,” बाबा म्हणाले.

“जाईल तो. दोन दिवसांत जाईल.”

बाबा, म्हणजे युन्हीचे सासरे दोक्सू, तोंडात विझलेली सिगारेट धरून खाली उभे होते. थेबेकच्या कोळशाच्या खाणी चालू होत्या तोवर ते खाणीत होते. खाणी बंद पडल्यावर लोक भराभर गाव सोडून गेले. यांनी सोडलं नाही. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजात पॉवर टिलर दुरुस्त करायला शिकले. वरच्या डोंगरउतारांवर उन्हाळाभर कोबी पिकतो, तेव्हा टिलर शेतात असतात. बर्फ पडू लागलं की ते खोकत, धूर ओकत खाली उतरतात आणि बाबांच्या दारात रांगेने उभे राहतात. म्हणजे कामाचे दिवस नेमके तेच, जेव्हा लोखंड हाताला चावतं. शटर जमिनीला टेकत नसे. खिडकीच्या एका काचेच्या जागी प्लायवूड होतं. मधोमध कोळशाची शेगडी, तिच्यात भोकाभोकांची गोल वडी जळायची, आणि धूर जायला खिडकीतून बाहेर काढलेला पत्र्याचा पाइप. त्या शेगडीची ऊब एका माणसाच्या रुंदीची. बाबा पुढून भाजत आणि पाठीमागून गोठत, आणि इतकी वर्षं त्यांना यात तक्रार करण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

तक्रार युन्हीची होती. तिला शिकवणीच्या क्लासमध्ये दुपारची नोकरी लागली होती. नवरा सांगहो बर्फावर घसरायला येणाऱ्यांच्या रिसॉर्टवर, तो आठवड्याने घरी. बालवाडी सुटल्यावर चार वर्षांची इसुल संध्याकाळपर्यंत आजोबांपाशी राहायची. तिचं नाक डिसेंबर ते मार्च वाहायचं. युन्ही तशी सगळ्यावर डोळा ठेवणारी. हवेतली धूळ रोज फोनवर बघायची, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची, बालवाडीच्या जेवणात साखर किती हे विचारून बाईंना भंडावून सोडायची. गॅरेजची थंडी तिला झोपू देत नव्हती. म्हणून दिराने हे काम काढलं तेव्हा पहिल्यांदाच तिला त्यांचं बरं वाटलं.

दुपारपर्यंत भिंती पांढऱ्या झाल्या. भिंतीतल्या एक्झॉस्टच्या पंख्यावर दोन पदरी बबल-रॅप आणि चारी बाजूंनी टेप. खिडकीवर तेच. पाइप जिथून बाहेर जातो तिथे फोम ठासला. शटरच्या वर आणि खाली रबराच्या पट्ट्या. जेवायची हाक आली तेव्हा क्यॉंगहो घामाघूम होऊन बाहेर आले आणि आपली लाल झालेली बोटं सगळ्यांना दाखवत हिंडले.

जेवणं होईस्तोवर बाबांनी एक काम केलं. कटर घेतला, शटरच्या वरच्या थर्माकोलमधून वीतभर तुकडा कापून काढला.

“हे काय? उंदीर लागला का इतक्यात?” क्यॉंगहो तोंडातला घास गिळत आत आले.

“मी कापलं. शेगडीला वारा लागतो.”

“शेगडीला वारा लागतो. मग मी सकाळपासून शिडीवर काय गोट्या खेळत होतो, बाबा?”

“एवढीच तर आहे.”

“एवढ्याशा फटीतून सगळी ऊब जाते. बादलीला भोक पाडायचं आणि वर पाणी ओतायचं.” त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम दुखावल्यासारखा खाली आला. “राहू दे. तुम्हाला माझं कधी पटलंय? आई होती तेव्हापण असंच.”

जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, “रात्रभर बसून मापं काढली हो यांनी. तुमच्यासाठी.”

अंगणातल्या बायकांनी माना खाली घातल्या. कोबीवर वाटण चोळणारे हात तेवढे चालू राहिले. बाबांनी मुलाकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला, केस काळे केलेला, शिडीवर उभं राहायची सवय नसलेला मुलगा. मग त्यांनी खाली पडलेला तो तुकडा उचलला, त्यावरची भुकटी बाहीने पुसली आणि त्याच्या हातात दिला.

“लाव,” ते म्हणाले.

क्यॉंगहोने तो टेपच्या तीन पट्ट्यांनी लावला. मग बापलेकांचा फोटो निघाला. कुटुंबाच्या ग्रुपवर तो पडला तेव्हा खाली लिहिलं होतं, ‘बाबांचा हिवाळा यंदा सुट्टीवर.’ चुलत-मावस भावंडांनी टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलांची चित्रं पाठवली. एकानेही थेबेकला यायची तसदी घेतली नव्हती, त्यामुळे टाळ्यांना जोर होता.

छॉरामकरणीने मटणाचा तुकडा कोबीच्या पानात गुंडाळला, तोंडात कोंबला आणि चावता चावता म्हणाली, “पोरगा बापाला डब्यात भरून गेला. आता झाकण तेवढं राहिलंय.”

युन्हीला हे अभद्र वाटलं. तिने इसुलला तिथून उचलून दुसरीकडे नेऊन बसवलं.

*

डिसेंबर लागला आणि गॅरेज खरोखरच उबदार झालं. बाबा स्वेटरवर काम करू लागले. दुपारी कधीही न झोपणारी इसुल, जिला झोपवायला युन्ही सुट्टीच्या दिवशी तास तास थोपटायची, ती आजोबांच्या जुन्या गादीवर शेगडीजवळ पडल्या पडल्या झोपू लागली. युन्ही संध्याकाळी न्यायला यायची तेव्हा पोर इतकी गाढ झोपलेली असायची की खांद्यावर टाकून न्यावं लागे.

“काय जादू केलीत, बाबा?”

“काही नाही. ऊब,” बाबा म्हणायचे.

शेगडी तापली की भिंतींमधून बांगड्यांचा वास निघायचा. दोन दिवसांत जाणारा तो वास महिना झाला तरी गेला नाही. कोळशाच्या वडीला स्वतःचा एक वास असतो, गंधकाचा, नाकात खुपणारा. खाणीतली माणसं तो झोपेतही ओळखतात. पण बांगड्यापुढे गंधकाचं काय चालणार? उलट नुरूंगीला तो वास आवडावा असं सगळ्यांना वाटलं होतं. नुरूंगी म्हणजे बाबांची पिवळी कुत्री, जन्मापासून त्या शेगडीच्या पायाशी झोपलेली. ती आठवडाभरात बाहेर गेली. शटरसमोर बर्फात खड्डा करून झोपू लागली. आत ओढून आणली तरी दार उघडताच निसटायची.

“बडेजाव बघा हिचा,” संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर क्यॉंगहो हसले. “उकडतंय म्हणे. बाबा, कुत्रीला एसी लावू का?”

“राहू दे तिला,” बाबा म्हणाले.

“आणि तुम्ही? ठीक ना?”

“ठीक आहे.”

“गाल बघा कसे लाल झालेत. दहा वर्षांनी तरुण दिसताय. अगं, बघ गं.” जाऊबाई फोनमध्ये डोकावल्या, अय्या म्हणाल्या आणि गेल्या.

बाबा रोज सकाळी आणि आताशा दुपारीही दोंगचिमीचं पाणी प्यायला लागले होते. मुळ्याच्या पांढऱ्या लोणच्याचं ते गार, खारट-आंबट पाणी. वाडगा तोंडाला लावून एका दमात संपवायचे आणि कपाळ चोळायचे. युन्हीने भरून दिलेली बरणी बघता बघता तळाला गेली.

“डोकं दुखतंय का, बाबा?”

“म्हातारं झालंय. जड असतं सकाळी.”

बरणी परत भरायला ती छॉरामकरणीकडे गेली, कारण मुळे तिच्याकडचे चांगले मुरलेले होते. म्हातारीने बरणी घेतली, रिकामी बघून तिचा हात थांबला.

“एवढं कोण पितं?”

“बाबा.”

“डोकं दुखतंय म्हणून?”

“थोडं.”

“आमच्या वेळी शेगडीचा वायू लागलेल्या माणसाला हे पाजायचे. ओठ फाकवून, चमच्याने.” तिने पळी भांड्यात बुडवली. “काही उपयोग व्हायचा नाही. जो जगायचा तो दार उघडल्याने जगायचा आणि नाव दोंगचिमीचं व्हायचं. जा, दार उघड त्याचं.”

या वेळी युन्ही हसली नाही. घरी येऊन तिने ग्रुपवर लिहिलं: भाऊजी, गॅरेजमध्ये वायूचा अलार्म बसवू या का? शेगडी आहे म्हणून.

उत्तर लगेच आलं. ‘अगं, ते हॉटेलवाल्यांसाठी असतं. बाबांनी अर्धं आयुष्य खाणीत काढलंय. त्यांचं नाक हाच अलार्म. तू फार वाचतेस, इसुलच्या आई.’ शेवटी पोट धरून हसणारा ससा. त्याखाली जाऊबाईंचा ससा. त्याखाली, सर्वांत वाईट म्हणजे, सांगहोचा.

तिने रागारागाने अलार्म शोधला, फोनमधल्या खरेदीच्या टोपलीत टाकला. इसुलचे हिवाळी मोजे फाटायला आले होते, ते एकदमच मागवू म्हणून ठेवून दिला. तो टोपलीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने सासऱ्यांना विचारलं, “बाबा, अधूनमधून शटर उघडता ना?”

“उघडतो की. सिगारेटला जातो तेव्हा. तासाला एकदा तरी.”

हे खरं होतं. त्या उघड-मिटीवरच गाडा चालला होता, हे त्यांना ठाऊक होतं, तिला नव्हतं. म्हणून जानेवारीत इसुलचा खोकला छातीत उतरला तेव्हा ती अगदी सहज, दप्तर खांद्यावर चढवत म्हणाली, “बाबा, आजचा दिवस शटर सारखं वर-खाली नका करू ना. गार वारा लागतो तिला. सिगारेटपण जरा कमी करा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, वर थर्माकोलकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले.

*

त्या दिवशी आभाळ छपरांवर टेकलं होतं. ओलं, जड बर्फ पडत होतं आणि चिमण्यांचा धूर वर न जाता गल्लीतच पायांत घोटाळत होता. बस बंद होणार म्हणून क्लास लवकर सोडला. युन्हीने थांब्यावरून फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर बाबांनी उचलला.

“इसुल काय करतेय?”

“झोप... झोपलीय.”

“तुम्ही ठीक?”

“ठी-क आहे.”

शब्द जिभेवरून घसरत होते. युन्हीचं डोकं सणकलं. दुपारी ढोसली. पोर ताब्यात दिलेली असताना, खोकला झालेली पोर, आणि हा माणूस सोजूची बाटली उघडून बसला. तिने बसची वाट बघितली नाही. उतारावरून घसरत, पडत चालत निघाली. तिला काळजी वाटत नव्हती, तिला संताप आला होता, आणि वाटभर ती वाक्यं जुळवत होती. नवऱ्याला काय सुनवायचं, दिराला काय, आणि या खाणीच्या कामगाराला, ज्याला तीन वेळा सांगितलं तरी मुलीच्या शेंबडाला कपड्याचं टोक लावण्यापलीकडे काही सुचत नाही, त्याला काय सुनवायचं. वाक्यं चांगली धारदार जमली होती. त्यांतलं एकही वापरावं लागलं नाही.

नुरूंगी शटरपाशी बर्फ उकरत होती. शटर वीतभर वर होतं. खाली टिलर उचलायचा जॅक लावलेला होता. हातांनी शटर उचलेना म्हणून त्यांनी जॅक लावला असावा, आणि पंप मारत मारत तेवढं वर घेतलं असावं. रबराची पट्टी फाटून लोंबत होती. त्या फटीत, बाबांच्या घडी केलेल्या कोटावर, इसुलचं तोंड होतं. फक्त तोंड, नाक बाहेरच्या बाजूला. ओठांवर बर्फाचे कण होते आणि ते वितळत होते. कुत्री मधूनमधून येऊन तिचा गाल चाटून जायची आणि पुन्हा उकरायला लागायची.

तिच्यामागे अंधारात बाबा आडवे होते. एक हात अजून जॅकच्या दांड्यावर.

युन्हीने शटरला हात घातले. ते हललं नाही. ती ओरडली की नाही हे तिला आठवत नाही, पण छॉरामकरीण पायात दोन वेगवेगळे जोडे घालून आली, हातात वड्या उचलायचा चिमटा. ती शटरकडे गेलीच नाही. सरळ खिडकीकडे गेली आणि चिमट्याने काच फोडली, बबल-रॅप ओरबाडून काढला, मग पुढची काच.

“पोरीला ओढ,” ती म्हणाली. “उभी काय राहिलीस, शिकलेली. ओढ.”

*

इसुल ॲम्ब्युलन्समध्येच ओकली आणि रडली. ते रडणं ऐकून तिच्याबरोबरचा माणूस म्हणाला, रडू द्या, थांबवू नका. बाबांना दूरच्या मोठ्या शहरात नेलं, प्राणवायूच्या बंद टाकीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते बोलू लागले.

क्यॉंगहो आले तेव्हा त्यांच्या हातात फळांची टोपली होती, रिबीन बांधलेली. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. चेहरा खरोखरच उतरलेला होता, पण जीभ जागेवर होती.

“सांगायचं ना हो, बाबा. फट हवी म्हणून. मी नाही म्हटलं असतं का? तुम्ही बोलत नाही हाच तुमचा दोष आहे.”

युन्हीने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात तिने कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. माणूस बुटाला लागलेल्या शेणाकडे तरी जरा आपुलकीने बघतो. तिने फळांची टोपली त्यांच्या हातातून घेतली आणि दाराबाहेर, बाकावर नेऊन ठेवली.

बाबा छताकडे बघत म्हणाले, “तू हातानं लावलं होतंस रे. कसं फाडायचं.”

सांगहो खिडकीपाशी गेला आणि बंद खिडकी उघडायचा प्रयत्न करत राहिला. ती उघडणारी खिडकी नव्हती.

*

घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळं चांगलं होतं. छॉरामकरीणसुद्धा म्हणाली, म्हातारा चिवट निघाला. मग मार्चमध्ये, बर्फ काळं पडून वितळू लागलं तेव्हा, एका सकाळी बाबांनी उजवा जोडा डाव्या पायात घातला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. असं होतं म्हणे. वायू जातो, पण जाताना कुठे कुठे हात लावून गेला हे नंतर कळतं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगितलेलं आणि घरात आलेलं यांत फरक असतो.

गॅरेज ते रोज उघडतात. थर्माकोल युन्हीने स्वतः उपटला, एका दिवसात, एकटीने. मदतीला आलेल्या सांगहोला तिने हात लावू दिला नाही. बांगड्याचा वास अजून पत्र्यात आहे. वड्यांची शेगडी काढून टाकली, तिच्या जागी विजेचा हीटर आहे. तो बाबांना आवडत नाही, म्हणून बंदच असतो. कोट घालून ते बाकावर बसतात. समोर टिलरचा कार्ब्युरेटर सुटा करून मांडलेला, फडक्यावर, ओळीने, पूर्वी मांडायचे तसा. सुटा करता येतो. जोडता येत नाही. एक स्क्रू उचलतात, फिरवून बघतात, परत त्याच जागी ठेवतात.

वरच्या शेतांवरून यांग नावाचा कोबीवाला परवा टिलर घेऊन आला. त्याला माहीत होतं. तरी आला, रांग नसताना रांगेत लावावा तसा टिलर लावला, म्हणाला, “दोक्सूदादा, सावकाश होऊ द्या. घाई नाही.” संध्याकाळी परत आला. टिलर होता तसाच होता. बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, “झालंय बघ.” यांगने वाकून आभार मानले, दोरीने चार झटके दिले, इंजिन चालू झालं नाही. “उत्तम झालाय,” तो म्हणाला, आणि ते धूड ढकलत उताराने खाली दुसऱ्या गॅरेजकडे घेऊन गेला. बाबा तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभे होते.

नुरूंगी परत आत झोपते. जॅक शटरखालीच असतो. आता तो कुणी काढत नाही. इसुल बालवाडीतून आली की आधी पोटावर आडवी पडून त्या फटीत नाक घालते आणि आतल्या आजोबांना “भू” म्हणते. आजोबा दचकल्यासारखं करतात. हे त्यांना रोज जमतं. मग विचारतात, “फट उघडी आहे ना गं?”

“उघडी आहे, आजोबा.”

क्यॉंगहो अजून रोज संध्याकाळी फोन करतात. “ठीक ना, बाबा?” “ठीक आहे.” फोन ठेवला जातो आणि सेऊलमधला एक मुलगा आपलं कर्तव्य पार पाडून जेवायला बसतो.

युन्ही हल्ली गल्लीत शिरली की आपल्या घरी आधी जात नाही. छॉरामकरणीच्या दारावर थाप मारते. म्हातारी एकटी असते, तीही वड्याच जाळते आणि शिव्या देत दार उघडते, “मेले नाही अजून, जा.” युन्ही चपला काढून आत जाते, खिडकीच्या वरच्या कोपऱ्याशी हात नेऊन उभी राहते. वारा बोटांना लागला की मगच घरी.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. खोली उबदार केलीय म्हणणारं, हल्ली डोकं जरा जड असतं म्हणणारं, फोनवर रोज ठीक असणारं. युन्हीचं म्हणणं आहे, फोन करू नका. आज संध्याकाळी जा. दार वाजवा, शिव्या खा, आत जा, आणि हात वर करून बघा.